धम्मिका रक्खावरणगुत्ति : विहारांचे रक्षण आणि शासनाचे कर्तव्य

एका तालुक्याच्या गावातील विहार समितीचे काही उपासक गेल्या वर्षावासानंतर आमच्या संस्थेत आले होते. त्यांच्या विहाराच्या खिडकीच्या काचा कोणीतरी रात्री फोडल्या होत्या. आवारातील दिवाही फोडला होता. बुद्धमूर्तीला धक्का लागलेला नव्हता, म्हणून प्रकरण 'किरकोळ' ठरले. तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की, शासनाकडे अर्ज करून कॅमेरे, कुंपण आणि पहारा मागावा. त्यांच्याबरोबर आलेल्या एका वृद्ध उपासिकेला हे पटत नव्हते. त्या म्हणाल्या, "सर, विहाराच्या दारात पोलीस उभा राहिला, तर वंदनेला येणारी बाई आधी त्याच्याकडे बघंल, मग बुद्धाकडे."

दोन्ही मतांत तथ्य होते. आम्ही त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेख त्या चर्चेतून निघालेला आहे. उपासनास्थळांच्या रक्षणासाठी शासनाने साहाय्य करावे काय, करावे तर कोणत्या स्वरूपात, आणि असे साहाय्य घेताना संस्थेने आपले स्वातंत्र्य कसे राखावे, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही प्रथम पालि साहित्याकडे, नंतर नाशिकच्या शिलालेखांकडे, त्यानंतर अमेरिकेतील एका योजनेकडे आणि शेवटी आपल्या संविधानाकडे वळणार आहोत.

पालि साहित्यातील संज्ञा

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताचा प्रारंभ एका राजकीय प्रसंगाने होतो. मगधाचा राजा अजातसत्तु वज्जींवर स्वारी करू इच्छितो आणि आपला अमात्य वस्सकार यास तथागतांकडे पाठवितो. त्या वेळी तथागत आयुष्मान आनंदांना वज्जींविषयी सात प्रश्न विचारतात. हेच ते प्रसिद्ध सात अपरिहानीय धम्म, म्हणजे ज्यांच्या पालनाने गणराज्याची हानी होत नाही असे सात नियम. वारंवार एकत्र जमणे, एकमताने निर्णय घेणे, स्त्रियांवर बळजबरी न करणे इत्यादी नियम आपल्या वाचकांना परिचित आहेत. शेवटच्या दोन नियमांची चर्चा मात्र क्वचित होते. सहावा नियम असा की, वज्जींच्या राज्यातील व राज्याबाहेरील चैत्यांचा मान राखावा आणि त्यांना पूर्वापार मिळत आलेले धर्म्य दान खंडित करू नये. सातवा नियम अर्हतांविषयीचा आहे. त्यांच्यासाठी 'धम्मिका रक्खावरणगुत्ति' नीट योजलेली असावी. जे अर्हत अद्याप राज्यात आले नाहीत त्यांनी यावे, आणि जे आले आहेत त्यांनी सुखाने राहावे, हा तिचा हेतू.

या सामासिक शब्दाचे तीन घटक आहेत. 'रक्खा' म्हणजे रक्षण. 'आवरण' म्हणजे अनिष्ट ते जवळ येऊ नये म्हणून घातलेला प्रतिबंध. 'गुत्ति' म्हणजे इष्ट ते नष्ट होऊ नये म्हणून केलेली जपणूक. या तिहींना 'धम्मिका' हे विशेषण लावलेले आहे, म्हणजे रक्षणाची रीत न्याय्य असली पाहिजे. पाचव्या शतकातील अट्ठकथाकार आचार्य बुद्धघोष यांनी सुमंगलविलासिनीत या स्थळी जे भाष्य केले आहे, ते आजच्या प्रश्नासाठी विशेष महत्त्वाचे आहे. त्यांचा आशय असा की, प्रव्रजितांभोवती सैन्याचा वेढा देणे याला धर्म्य रक्षण म्हणत नाहीत. विहाराच्या उपवनातील झाडे तोडली जाऊ नयेत, तेथे शिकार होऊ नये, तेथील पुष्करिणीतील मासे धरले जाऊ नयेत, अशी व्यवस्था करणे म्हणजे धर्म्य रक्षण होय.

बुद्धघोषांना येथे राज्याने हात झटकून मोकळे व्हावे असे म्हणावयाचे नाही. वज्जींनी रक्षण 'योजलेले' असावे, हे सुत्तात स्पष्ट आहे. त्यांनी केलेला भेद रक्षणाच्या स्वरूपाविषयीचा आहे. ज्याचे रक्षण करावयाचे त्याचे जीवन ज्या रक्षणाने अबाधित राहते ते धर्म्य, आणि ज्या रक्षणाने तेच जीवन गुदमरते ते धर्म्य नव्हे. आमच्याकडे आलेल्या उपासिकेचे बोलणे या भाष्याच्या किती निकट आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

हीच संज्ञा चक्कवत्तिसीहनाद सुत्तातही येते. तेथे धर्म्य रक्षणाची व्याप्ती फार मोठी आहे. राजाने आपले अंतःपुर, सैन्य, मांडलिक, ब्राह्मण व गृहपती, नगरांतील व जनपदांतील लोक, श्रमण-ब्राह्मण, इतकेच नव्हे तर पशुपक्षी यांच्याही रक्षणाची व्यवस्था करावी, आणि राज्यात जे निर्धन असतील त्यांना धन द्यावे, असे तेथे सांगितले आहे. श्रमणांचे रक्षण ही एखाद्या पंथावरची मेहेरबानी नाही, सर्वांना मिळणाऱ्या संरक्षणाचा तो एक भाग आहे, असा याचा अर्थ होतो. आधुनिक राज्यघटनांनी जी वाट शोधली, ती याच तत्त्वाच्या जवळून जाते. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

त्रिरश्मीवरील साक्ष

नाशिकजवळील त्रिरश्मी पर्वतावरील लेणी पाहण्यास आपण अनेकदा जातो. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या आज्ञा कोरलेल्या आहेत. राज्यवर्ष १८ मधील आज्ञा गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास उद्देशून आहे. पश्चिम कखडी गावातील २०० निवर्तने क्षेत्र त्रिरश्मीवरील प्रव्रजितांस दिल्याचे तीत नमूद आहे. क्षेत्राबरोबर काही 'परिहार', म्हणजे सवलती किंवा मुक्तता, दिलेल्या आहेत. त्या क्षेत्रात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, त्यास हात लावू नये, तेथे मिठासाठी खोदू नये, आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी त्यावर आपला अंमल चालवू नये, अशा त्या अटी आहेत.

वाचकांनी या परिहारांचे स्वरूप लक्षात घ्यावे. राजाने भिक्खूंना जमीन दिली आणि त्याच आज्ञेत स्वतःच्या अधिकाऱ्यांना तिच्यापासून दूर ठेवले. संघाला चोरांपासून जसे रक्षण हवे असते, तसे कधीकधी रक्षण करणाऱ्यापासूनही हवे असते, याची जाणीव या आज्ञेच्या मागे दिसते.

त्याच लेण्यात राज्यवर्ष २४ मधील दुसरी आज्ञा आहे. ती राजाच्या व राजमातेच्या नावाने अमात्य श्यामक यास दिलेली आहे. पूर्वी दिलेले क्षेत्र कसले जात नाही आणि ते गाव ओस पडले आहे, म्हणून नगरसीमेवरील राजाच्या मालकीच्या क्षेत्रातून १०० निवर्तने द्यावीत, असे तीत म्हटले आहे. दान शिळेवर कोरले म्हणजे काम संपले असे त्या शासनाने मानले नाही. दिलेल्या वस्तूचा प्रत्यक्ष उपयोग होतो की नाही, हे सहा वर्षांनी तपासले गेले आणि चूक दुरुस्त केली गेली. शासकीय साहाय्याची ही कसोटी आजही लावण्यासारखी आहे.

अमेरिकेतील अनुदान योजना

आता वर्तमानाकडे येऊ. उपासनास्थळांच्या सुरक्षेसाठी शासनाने थेट अर्थसाहाय्य करण्याची सर्वांत विस्तृत योजनांपैकी एक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. तिचे नाव 'नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम', म्हणजे ना-नफा संस्थांसाठी सुरक्षा अनुदान योजना. २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यांनंतर तेथे अंतर्गत सुरक्षेचे नवे खाते निर्माण झाले. त्या खात्याच्या २००५ या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी २.५ कोटी डॉलर ठेवण्यात आले. आरंभी केवळ मोठ्या व अधिक धोका असलेल्या महानगरांतील संस्थाच पात्र होत्या. २०१८ पासून महानगरांबाहेरील संस्थांसाठीही स्वतंत्र निधी ठेवण्यात आला. २०२० च्या जानेवारीत स्वतंत्र कायदा होऊन योजनेस कायमचा पाया मिळाला. तरतूद २०२० मध्ये ९ कोटी, २०२१ मध्ये १८ कोटी, २०२२ मध्ये २५ कोटी आणि २०२३ मध्ये ३०.५ कोटी डॉलर अशी वाढत गेली.

या वाढीमागे रक्तरंजित कारणे आहेत. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील ओक क्रीक येथील गुरुद्वारात एका वर्णद्वेष्ट्याने सहा जणांचे प्राण घेतले. जखमींपैकी एक ग्रंथी पुढे २०२० मध्ये मरण पावले. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन येथील कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासासाठी बसलेल्या नऊ जणांची हत्या झाली. मारेकरी काही वेळ त्यांच्याबरोबरच बसला होता. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्ग येथील ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये ११ जण मारले गेले. दार उघडे ठेवणे हा ज्यांच्या धर्माचाच भाग होता, त्यांच्यावर त्या उघड्या दारातून हल्ले झाले.

बौद्धही यातून सुटलेले नाहीत. १० ऑगस्ट १९९१ रोजी अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहराजवळच्या वाट प्रॉमकुणाराम या थाई विहारात सहा भिक्खूंसह नऊ जणांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. हेतू लुटीचा होता. या प्रकरणी पोलिसांनी आरंभी भलत्याच माणसांकडून कबुलीजबाब घेतले, आणि नंतर त्यांना सोडून द्यावे लागले. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी लॉस एंजेलिस येथील हिगाशी होंगानजी या जपानी बौद्ध मंदिराच्या काचा फोडण्यात आल्या आणि तेथील कंदिलांच्या चौकटींना आग लावण्यात आली.

योजनेची कार्यपद्धती थोडक्यात अशी आहे. धर्मादाय म्हणून करमुक्त असलेली संस्था अर्ज करू शकते. ती कोणत्या धर्माची आहे हे पाहिले जात नाही. संग्रहालय, शाळा, समाजकेंद्र अशा अन्य ना-नफा संस्थाही पात्र असतात. संस्थेने प्रथम आपल्या वास्तूची धोका-तपासणी करून घ्यावयाची असते. दारे कशी आहेत, प्रकाश कोठे कमी पडतो, वाहन थेट दर्शनी भागापर्यंत येऊ शकते काय, संकटात बाहेर पडण्याची वाट कोणती, याचा लेखी अहवाल करावा लागतो. त्यानंतर मागणीचे समर्थन करणारा अर्ज भरावयाचा. संस्थेस कोणापासून व का धोका आहे, पूर्वी कोणत्या धमक्या आल्या किंवा घटना घडल्या, वास्तूत कोणते दोष आहेत आणि मागितलेल्या वस्तूंनी ते दोष कसे दूर होतील, हे त्यात क्रमाने सांगावे लागते. अर्ज आधी घटकराज्याच्या नियुक्त कार्यालयाकडे जातो. तेथे गुणांकन होऊन तो संघराज्याच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे पाठविला जातो. पूर्वी अनुदान न मिळालेल्या संस्थांना अधिक गुण देण्याची प्रथाही पडली आहे.

अनुदानातून कॅमेरे, मजबूत दारे, कुंपण, दिवे, धोक्याची घंटा, वाहने अडविणारे खांब इत्यादींचा खर्च भागविता येतो. प्रशिक्षण, संकटकालीन आराखडा आणि कंत्राटी रक्षक यांवरही खर्च करता येतो. २०२३ मध्ये एका स्थळासाठी कमाल मर्यादा १,५०,००० डॉलर होती. उपासनेसाठी लागणाऱ्या वस्तू, पुरोहितांचे वेतन किंवा धर्मप्रचार यांवर यातील एक डॉलरही खर्च करता येत नाही.

या साहाय्याचा उपयोग होतो काय? १५ जानेवारी २०२२ रोजी टेक्सासमधील कॉलीव्हिल येथील सिनेगॉगमध्ये एका शस्त्रधाऱ्याने रब्बी व तीन उपासकांना सुमारे अकरा तास ओलीस ठेवले. शेवटी रब्बींनी त्याच्या अंगावर खुर्ची फेकली आणि उरलेल्या दोघांसह ते दारातून निसटले. त्या सिनेगॉगला या योजनेतून पूर्वी अनुदान मिळालेले होते. परंतु आपण वाचलो ते सुरक्षेच्या प्रशिक्षणामुळे, असे रब्बींनी आवर्जून सांगितले. हल्लेखोराला आत घेणारेही तेच होते. थंडीत आलेला निराश्रित समजून त्यांनी त्याला चहा दिला होता. या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. उपकरणांपेक्षा माणसाची तयारी मोलाची ठरते, आणि दाराशी आलेल्याला चहा देणारा मनुष्यही सावध असू शकतो. करुणा आणि जागरूकता यांचा विरोध नाही, हे धम्माच्या अभ्यासकांस वेगळे सांगावयास नको.

इंग्लंड व वेल्समध्येही २०१६ पासून द्वेषमूलक गुन्ह्यांचा धोका असलेल्या उपासनास्थळांसाठी अशी योजना आहे. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यांत ५१ जण मारले गेले. त्यानंतर त्या योजनेचा निधी दुप्पट करून १६ लाख पौंड करण्यात आला. त्या देशात वुल्व्हरहॅम्प्टन येथे आंबेडकरी बौद्धांचा विहार आहे, म्हणून तेथील आपल्या बांधवांना ही माहिती केवळ पुस्तकी वाटणार नाही.

दोन आक्षेप

अमेरिकेच्या संविधानातील पहिली दुरुस्ती शासनाला कोणत्याही धर्माची प्रस्थापना करण्यास मनाई करते. मग करदात्यांचा पैसा चर्चच्या कुंपणासाठी कसा देता येतो, हा पहिला आक्षेप. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४७ च्या एव्हरसन खटल्यात शासन व धर्म यांच्यामध्ये भिंत असल्याचे मान्य केले. पण त्याच निर्णयात पोलीस व अग्निशमन यांसारख्या सर्वसाधारण सेवांपासून चर्चला वंचित ठेवणे हा त्या दुरुस्तीचा हेतू नाही, असेही मत मांडले. चर्चला आग लागली तर बंब जातो, तेव्हा शासन धर्म पसरवीत नसते. २०१७ च्या ट्रिनिटी ल्यूथरन खटल्यात त्याच न्यायालयाने ठरविले की, मुलांच्या क्रीडांगणाच्या सुरक्षित पृष्ठभागासाठी असलेले सर्वसाधारण अनुदान केवळ अर्जदार चर्च आहे म्हणून नाकारता येणार नाही. रक्षण आणि प्रसार यांतील ही सीमारेषा नेहमीच ठळक असते असे नाही, परंतु तिचा आधार विवेकपूर्ण आहे.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. २०२३ मध्ये या योजनेसाठी आलेल्या अर्जांपैकी निम्म्यापेक्षा कमी मंजूर झाले. अर्ज लिहिणे हे कौशल्याचे काम आहे. पगारी कर्मचारी असलेली संस्था ते नीट करते, स्वयंसेवकांवर चालणारे छोटे मंदिर किंवा मशीद मागे राहते. शिवाय साधारणतः संस्थेने आधी खर्च करावयाचा आणि मग परतफेड मिळवावयाची, अशी रीत आहे. ज्याच्याजवळ आधी खर्च करण्यास पैसा नाही, त्याला मंजूर झालेले अनुदानही कागदावरच राहते. शासनाशी संबंध वाढला की पाळतही वाढेल, ही भीतीही तेथील काही अल्पसंख्य समाजांनी व्यक्त केलेली आहे. ज्यांना पोलिसांकडूनच अन्याय सोसावा लागला, त्यांना पोलिसांच्या पहाऱ्यात निर्धास्त कसे वाटावे?

हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या घाटकोपर भागातील रमाबाई आंबेडकर नगरात परमपूज्य डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली लोकांनी पहाटे पाहिली. विटंबनेचा निषेध करण्यास जमलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. ज्यांनी श्रद्धास्थानाचे रक्षण करावयाचे, त्यांच्याच बंदुका श्रद्धावंतांवर रोखल्या गेल्या. ही आठवण असलेल्या समाजाने 'पहारा मागा' हे वाक्य सहज उच्चारू नये, असे आम्हांस वाटते. पण म्हणून रक्षणाचा हक्कच सोडून द्यावा, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

आपले संविधान आणि कायदे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष असताना सिद्ध झालेल्या आपल्या संविधानात अनुच्छेद २५ ते २८ धर्मस्वातंत्र्याविषयी आहेत. अनुच्छेद २६ नुसार प्रत्येक धर्मसंप्रदायास आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था स्वतः पाहण्याचा हक्क आहे. अनुच्छेद २७ असे सांगतो की, ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा पोषणासाठी राखून ठेवलेले असेल, तो कर देण्याची कोणावरही सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे विषय सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांकडे आहेत. म्हणून विहाराच्या रक्षणाची पहिली जबाबदारी राज्य शासनावर येते.

२००२ च्या गुजरात दंगलीत मोडतोड झालेल्या धार्मिक वास्तूंच्या दुरुस्तीसाठी शासनाने पैसे द्यावेत, असा आदेश तेथील उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला होता. शासनाने अनुच्छेद २७ कडे बोट दाखविले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून शासनाने सादर केलेली मर्यादित योजना मान्य केली. तीत एका वास्तूस कमाल ५०,००० रुपये साहाय्य होते. वास्तू रस्त्याच्या मध्ये किंवा अनधिकृत जागी नसावी, घटनेची पोलिसांकडे नोंद झालेली असावी, आणि मालकीचा किंवा व्यवस्थापनाच्या हक्काचा पुरावा असावा, अशा अटी होत्या. आपल्या विहार समित्यांनी या अटी पुनःपुन्हा वाचाव्यात. वस्तीतील कित्येक विहार लोकांनी श्रमदानाने व वर्गणीतून उभे केले आहेत, परंतु जागेचा कागद कोणाच्या नावावर आहे, हे विचारले तर समिती गप्प होते.

आपल्याकडे अमेरिकेसारखी अनुदान योजना नसली, तरी त्याहून वेगळे एक साधन आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ यातील कलम ३(२)(iv) चा, म्हणजे कलम तीनच्या दुसऱ्या पोटकलमातील चौथ्या खंडाचा, आशय असा की, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीकडून उपासनास्थान, निवास किंवा मालमत्तेची जागा म्हणून वापरली जाणारी वास्तू आगीने वा स्फोटकाने नष्ट करणाऱ्या गैर-अनुसूचित व्यक्तीस आजन्म कारावास होऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, या समाजांनी पवित्र किंवा अत्यंत आदरणीय मानलेल्या वस्तूची मोडतोड वा विटंबना हाही स्वतंत्र गुन्हा झाला. पुतळा, छायाचित्र व तसबीर यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, त्यामुळे धम्मदीक्षा घेतलेल्या या समाजांतील बौद्धांनाही हे संरक्षण आहे. याच अधिनियमाखालील १९९५ च्या नियमांनुसार अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रे आधीच निश्चित करणे आणि तेथे प्रतिबंधक उपाय योजणे हे राज्य शासनाचे कर्तव्य आहे. अमेरिकेतील अर्जदार संस्था जी धोका-तपासणी आपल्या खर्चाने मांडते, ती आपल्याकडे क्षेत्राच्या पातळीवर शासनानेच करावी असे नियम सांगतात. हे कर्तव्य कागदावरून जमिनीवर आणण्यासाठी लेखी मागणी करणारे मात्र थोडे आहेत.

रक्षण कोठे थांबावे, याचे उदाहरण बोधगयेत आहे. ७ जुलै २०१३ रोजी महाबोधी महाविहार व परिसरात साखळी स्फोट झाले आणि दोन भिक्खू जखमी झाले. तेथील बंदोबस्त वाढविणे आवश्यकच होते, त्याविषयी दुमत नाही. परंतु त्या विहाराचे व्यवस्थापन १९४९ च्या बिहारच्या कायद्याने ज्या समितीकडे आहे, तीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षस्थानी जिल्हा दंडाधिकारी अशी रचना आहे. जगातील बौद्धांच्या सर्वांत पवित्र स्थळी बौद्धांचे बहुमत नाही. याविरुद्ध भिक्खू आणि उपासकांचे आंदोलन दीर्घकाळ चालू आहे. रक्षणाच्या निमित्ताने आलेला अधिकारी व्यवस्थापक होऊन बसला, तर गौतमीपुत्राने लिहिलेल्या परिहारांचा अर्थच उरत नाही.

विहार समित्यांसाठी काही सूचना

या विवेचनातून आम्ही काढलेले निष्कर्ष व्यवहाराच्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट, कागद. विहाराच्या जागेची मालकी, बांधकामाची परवानगी आणि सार्वजनिक न्यास म्हणून झालेली नोंदणी यांच्या प्रती समितीजवळ असाव्यात. ज्याचा कागद नाही, त्याचे रक्षण करण्याचे शासन टाळते.

दुसरी गोष्ट, नोंद. काच फुटली, फलक फाडला, धमकी आली, तरी प्रत्येक घटनेची तारीख, वेळ व छायाचित्र नोंदवहीत ठेवावे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. 'किरकोळ' म्हणून सोडलेल्या पाच घटनांतून सहावी मोठी घटना जन्मास येते. त्या वेळी मागील पाच घटनांचा पुरावाच नसतो.

तिसरी गोष्ट, स्वतः केलेली तपासणी. रात्री विहाराभोवती एक फेरी मारावी. अंधार कोठे आहे, कडी कोणती सैल आहे, मुलांचा अभ्यासवर्ग चालू असताना बाहेर पडण्याचे दुसरे दार उघडे असते काय, हे पाहावे. याला अनुदान लागत नाही.

चौथी गोष्ट, मागणीचे स्वरूप. रस्त्यावरचा दिवा, कुंपण, अत्याचारप्रवण क्षेत्रांच्या यादीत वस्तीचा समावेश आणि सणांच्या दिवशी बंदोबस्त, या गोष्टी नागरिक म्हणून हक्काने मागाव्यात. विहाराच्या आत शस्त्रधारी पहारा मागू नये. कॅमेरा बसविलाच, तर त्याचे चित्रण समितीच्या ताब्यात राहील आणि लेखी मागणीशिवाय कोणास दिले जाणार नाही, असा ठराव करावा. साहाय्याच्या बदल्यात समितीत जागा किंवा कार्यक्रमांवर नियंत्रण मागितले गेले, तर ते साहाय्य नम्रपणे नाकारावे.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे. वज्जींचा पराभव अजातसत्तूच्या सैन्याने सहज केला नाही. वस्सकाराने त्यांच्यात आधी फूट पाडली. आज कित्येक विहारांना दोन समित्या आहेत, आणि दोघींचा वाद धर्मादाय आयुक्तांपुढे पडून आहे. अशा विहाराचा अर्ज कोणाच्या सहीने जाणार? सात अपरिहानीय धम्मांत एकत्र जमणे हा नियम पहिला आहे आणि रक्षण हा सातवा आहे. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

ज्या विहाराच्या घटनेने या लेखाचा आरंभ झाला, त्या समितीने अखेर तक्रार नोंदवून पोच घेतली आणि ग्रामपंचायतीकडे रस्त्यावरच्या दिव्याची मागणी केली. दिवा लागला आहे. तो विहाराच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या खांबावर आहे, आणि त्याच्या उजेडात संध्याकाळच्या वंदनेला येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, असे समितीच्या पत्रात लिहिले आहे. खिडकीची काच मात्र अद्याप बसविलेली नाही. तिच्या खर्चासाठी वर्गणी चालू आहे, आणि पहिली वर्गणी त्या वृद्ध उपासिकेनेच दिली, असेही पत्रात आहे.